डाग नसलेली नोंदवही

वही मळकी होती, हे कुणीच नाकारत नव्हतं. वर्षभर ती सराव-खोलीतल्या मोठ्या टेबलावर मुक्कामाला होती आणि त्या टेबलावर जे जे सांडलं, त्यात तिचा वाटा ठरलेला. तिसऱ्या पानावर आयोडीनचा तपकिरी डाग, नकाशातल्या बेटासारखा. पुढे कुणाच्यातरी ओल्या अंगठ्याचा ठसा. एका पानाचा कोपरा बँडेज कापायच्या कात्रीनं उडालेला. आणि ज्या दिवशी ग्लिसरीनची बाटली लवंडली, त्या आठवड्याची पानं एकमेकींना अशी बिलगून बसली होती, जणू वर्षानं भेटलेल्या बहिणी. सोडवायला गेलं की एकीचं थोडं दुसरीकडे राहायचं.

त्या वहीत वीस जणींचं वर्ष होतं. कुणी कोणत्या तारखेला काय केलं, किती वेळा केलं, कुठं चुकलं, आणि शेजारी ट्यूटर बाईंचा लाल शेरा. 'हात हलका हवा.' 'घाई कसली?' 'रुग्णाला सांगितलं का?' आणि क्वचित कुठं, उन्हाळ्यातल्या झुळकीसारखं, 'आज बरं.' ट्यूटर बाई तीस वर्षं वॉर्डात काढून शिकवायला आलेल्या. त्यांच्या शब्दकोशात 'आज बरं'च्या वर शब्द नव्हता. तो ज्या मुलीला मिळे, तिचे पाय दिवसभर जमिनीला लागत नसत.

वीस जणींत एकोणीस जणी अठरा-एकोणीसच्या, आणि उरली एक ती थोरली. हे नाव वर्गानं ठेवलेलं. तिचं वय एकोणचाळीस. याच इस्पितळात चौदा वर्षं तिनं फरशा पुसल्या होत्या, बेडपॅन धुतले होते, स्ट्रेचर ढकलले होते. पण हात फडक्यात आणि डोळे शिकवणीत, असं तिचं चाललेलं. सिस्टर ड्रेसिंग कसं सोडते, कण्हणाऱ्या माणसाच्या उशाशी कुठल्या बाजूनं जाते, सुई टोचायच्या आधी काय बोलते, ते सगळं ती फडकं पिळता पिळता बघून ठेवायची. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मग सरकारची योजना आली. नर्सिंगच्या मदतनीस, रक्त तपासणाऱ्या, व्यायाम देणाऱ्या, अशी माणसं सगळीकडेच कमी पडत होती. तेव्हा वीस जागांची दोन वर्षांची फी सरकार भरणार, वर दरमहा विद्यावेतन देणार. आणि इस्पितळात आधीपासून राबणाऱ्यांना वयाची सूट, चाळिशीपर्यंत. इस्पितळामागं बंद पडलेलं धुलाईघर होतं, त्याला चुना लावून शाळा भरली. थोरलीनं अर्ज भरला, आणि यादीत आपलं नाव पाहिल्यावर ती नेहमीच्या सवयीनं त्या फलकाखालची फरशी पुसून मगच घरी गेली.

आता पहिलं वर्ष सरत आलं होतं आणि एके दिवशी पत्र आलं. पुढल्या बुधवारी तपासणी. प्रशिक्षण प्रत्यक्ष झालं असल्याची खात्री पटली तरच दुसऱ्या वर्षाचा निधी मिळेल. नाही पटली तर वर्ग इथंच थांबेल. काही ठिकाणी म्हणे नुसत्या कागदावर शाळा चालवून पैसे उचलले होते, म्हणून सरकार सावध झालेलं.

ट्यूटर बाईंनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी, जिला सगळे टकळी म्हणत, तीसुद्धा नुसती बोटांवर बुधवारपर्यंतचे दिवस मोजू लागली. पोरींचं काय, त्यांना आणखी चार दारं होती. थोरली दोन महिन्यांनी चाळीस पूर्ण करणार होती. हे दार मिटलं की पुन्हा बादली. बादलीला ती हलकं समजत नव्हती. चौदा वर्षं बादलीनंच घर चालवलं होतं. पण एकदा हाताला नाजूक काम कळलं, की हात मागं जायला राजी होत नाहीत. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडताना तिच्या जिवाला जे वाटायचं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी चादरीच्या कोपऱ्यात एवढं काय, असंच कुणी म्हणालं असतं.

तपासणी येणार म्हटल्यावर नर्स काय करते? आवरते. ट्यूटर बाईंचा तर तो धर्मच होता. काम असं करावं की मागं खूण राहू नये. पलंग असा लावावा की त्यावर आजवर कुणी झोपलंच नाही असं वाटावं. त्यांनी पाच दिवस शाळा नुसती डोक्यावर घेतली. आठही पलंगांच्या गाद्या उन्हात टाकल्या, चाकांना तेल दिलं. ट्रे घासून घासून त्यात तोंड दिसायला लागलं. सरावाच्या पुतळ्याला मुली 'पाहुणे' म्हणत, कारण ते आले आणि पुन्हा गेलेच नाहीत. पाहुण्यांना तीनदा साबणानं न्हाऊ घातलं. त्यांच्या दंडाची कातडी वर्षभर टोचून टोचून चाळणीसारखी झालेली, ती काढून नवी कोरी चढवली. जुन्या चादरी बाजूला पडल्या आणि कपाटात राखून ठेवलेल्या नव्या बाहेर आल्या.

शेवटी ट्यूटर बाईंची नजर वहीवर गेली.

त्यांनी ती दोन बोटांत उचलली आणि थोरलीकडे वळून म्हणाल्या की तिचं अक्षर वर्गात सगळ्यात देखणं, तेव्हा तिनं ही वही नव्या वहीत स्वच्छ उतरवून काढावी. एकही आकडा इकडचा तिकडे होता कामा नये, मात्र खाडाखोड नको, गिचमीड नको, आणि 'चुकलं, पुन्हा केलं' असली रडगाणी नकोत.

थोरलीनं ती जबाबदारी फुलासारखी झेलली.

तीन संध्याकाळी तिनं घरी बसून वही उतरवली. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र. तो घरीच शिवणकाम करायचा आणि बोलण्यापेक्षा पायानं यंत्र चालवायला त्याला बरं वाटायचं. त्याच्या बाजूच्या टेबलावर ती लिहायची, आणि समोर पलंगावर बसून सासू वाचून दाखवायची. सासूचा आवाज खणखणीत, चष्मा नाकाच्या टोकावर. वाचताना मध्येच थांबून चौकशी करायची खोड.

"'एनिमा, तीन वेळा'," सासूनं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला गं?"

"पाहुण्यांना."

"बिचारे. आणि काही बोलले नाहीत?"

यंत्र थांबलं. नवरा खाली मान घालून हसत होता, खांदे तेवढे हलत होते.

पुढची चार पानं सासूनं मुकाट वाचली. मग तिच्या मनात जे खदखदत होतं ते बाहेर आलं. वर्षभर घरी सराव कुणावर झाला? ब्लडप्रेशर कुणाचं मोजलं, रोज दोनदा, जेवणाआधी आणि जेवणानंतर? पाठ कुणाची पुसली? झोपलेल्या अंगाखालची चादर कुणाच्या खालून ओढली, आणि तेही वाचनाच्या वेळेला? या वहीत पाहुण्यांचं नाव पानापानावर, आणि घरच्या माणसाचं कुठंच नाही.

थोरली म्हणाली, "आई, तुम्ही शाळेच्या पटावर नाही."

"मग पाहुणे आहेत वाटतं पटावर," सासू म्हणाली, आणि रुसल्या आवाजात पुढचं पान वाचू लागली.

मंगळवारी वही पूर्ण झाली. एका शाईत, एका हातात, मोत्यांच्या ओळी. कुठं डाग नाही, कुठं चूक नाही. ट्यूटर बाईंनी पानं चाळली, त्यांचा चेहरा निवळला आणि त्या म्हणाल्या, "आज बरं." दुपारची वेळ होती. जुनी वही टेबलाच्या कडेला पडलेली. औषधांचे डाग पडलेला कागद, कुणाच्या कुणाच्या हातांतून गेलेला. तो इस्पितळात मोकळा ठेवायचा नसतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. थोरलीनं हातमोजे चढवले, वही पिवळ्या पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड बांधलं. दूषित वस्तूंच्या पिवळ्या पिशव्या न्यायला तीनची गाडी येते. ती तीनला आली, पिशव्या भट्टीकडे घेऊन गेली.

बुधवारी साडेदहाला अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, शब्दांनी काटकसरी. उजव्या गुडघ्यावर भार न देता चालत होत्या. मागून त्यांचा कारकून, हातात फायलींची पिशवी, तोंडावर कसलाच भाव नाही. वीस मुली भिंतीशी ओळीत उभ्या होत्या, एप्रनच्या घड्या सुरीसारख्या. ट्यूटर बाईंनी सराव-खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या, जसं कुणी आपलं लेकरू पुढं करावं.

अधिकारी बाईंनी आत पाहिलं. आठ पलंग, आठ पांढऱ्या चादरी, एक सुरकुती नाही. ट्रे लखलखत होते. बँडेजची गुंडाळी न् गुंडाळी एका मापाची. पाहुण्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. अधिकारी बाई एका पलंगापासून दुसऱ्यापर्यंत गेल्या, चादरीच्या कडेला हात लावला; अजून तिच्यात दुकानातल्या घडीची रेघ होती. पाहुण्यांचा दंड वळवून पाहिला. कोरा करकरीत. एकही टोचल्याचं भोक नाही.

ट्यूटर बाईंच्या चेहऱ्यावरचं समाधान अजून तसंच होतं. पण थोरलीनं चौदा वर्षं डॉक्टरांचे चेहरे वाचले होते. रिपोर्ट वाईट असला की ते आधी ओठ मिटतात. अधिकारी बाईंनी ओठ मिटले होते.

"ही खोली कधी उघडता?" त्यांनी विचारलं.

ट्यूटर बाई म्हणाल्या की रोज, सकाळी आठला. अधिकारी बाईंनी मान हलवली नाही. नोंदवही मागितली. उभ्या उभ्याच त्यांनी पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. मग पुन्हा पहिलं. खोलीत पानं उलटल्याचा तेवढा आवाज.

"वर्षभरात कुणाचं काही चुकलं नाही?"

आता कुठं ट्यूटर बाईंच्या लक्षात आलं. त्यांच्या तोंडचा रंग पायरीपायरीनं उतरत गेला. थोरलीला वही एकदम परक्या डोळ्यांनी दिसली: एक शाई, एक हात, चुकीचा लवलेश नाही. खरी वही अशी कधी असते का? तिनंच, आपल्या देखण्या अक्षरानं, वीस जणींचं खरं वर्ष खोटं दिसेल असं लिहून ठेवलं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

ट्यूटर बाई तोंड उघडणार, तोच थोरली ओळीतून पुढे झाली. "मी लिहिलं. तीन दिवसांत."

कारकुनाचं पेन थांबलं. अधिकारी बाईंनी मूळ वही विचारली. थोरली म्हणाली की ती पिवळ्या पिशवीत गेली. अधिकारी बाईंना ते कळलं नाही, तेव्हा ट्यूटर बाईंनी ताठ मानेनं, शिकवताना सांगतात तसं सांगितलं: औषधांचे डाग पडलेली, दूषित वस्तू, नियमाप्रमाणे जाळायला पाठवली, काल तीनच्या गाडीनं.

"म्हणजे पुरावा जाळला," कारकून म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

"जाळला नाही हो, निर्जंतुक..." टकळीनं सुरू केलं आणि ट्यूटर बाईंच्या नजरेनं ते तिथंच तुटलं.

अधिकारी बाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त जड होतं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, या महिन्यात मी दोन शाळा पाहिल्या. एकीत गाद्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. दुसरीत वही अशीच होती, एका हाताची. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय लिहिलं असतं?"

ट्यूटर बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि या वयात ती लागणारही नव्हती.

"तुम्ही लिहिणार आहात तेच," त्या म्हणाल्या.

कारकुनानं फाईल उघडली. झालं. एवढ्यावर मिटलं असतं. मुलींनी माना खाली घातल्या, कुणीतरी नाक ओढलं. थोरलीला रडू आलं नाही. तिचे डोळे सवयीनं आपलं काम करत राहिले, आणि त्यांना दिसलं, की अधिकारी बाई आल्यापासून उभ्याच आहेत. खुर्च्या आवरण्याच्या भरात बाहेर गेलेल्या, आणि पलंग असे लावलेले की त्यावर टेकायची कुणाची छाती होऊ नये. एका पायावर त्या तासभर तग धरून होत्या. दुखणारं माणूस समोर दिसलं, की बाकीचं मागं पडतं. हे मात्र तिला शाळेनं शिकवलं नव्हतं, शाळेनं त्याला नुसती रीत दिली होती.

"मॅडम, तुम्ही झोपा," ती म्हणाली.

"काय?"

"पलंगावर झोपा. तुम्हाला न उठवता मी खालची चादर बदलते. वही माझीच आहे, ती बाजूला ठेवा. हे बघा आणि मग लिहा."

कारकुनानं मान वर केली. ट्यूटर बाईंनी डोळे मिटले. अधिकारी बाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं की माझं वजन माहीत आहे का. थोरली म्हणाली की वजन उचलायचं नाही, नुसतं वळवायचं आहे. आणि कुठला गुडघा दुखतो, उजवाच ना?

अधिकारी बाईंनी गुडघ्याकडं पाहिलं. मग चप्पल काढली.

थोरलीनं आधी हात धुतले, घाईत नाही, रोज धुते तसे. पलंगाची चाकं अडकवली. कारकुनाला पडद्यापलीकडं उभं केलं. मग उशाशी जाऊन सांगितलं, की मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार, तुम्ही हा कठडा धरा, काही दुखलं तर लगेच बोला. दोन गुडघ्यांमध्ये लहान उशी ठेवली. एक हात खांद्यावर, दुसरा कमरेवर. आणि ऐंशी किलोचं ते अंग पाण्यात होडी वळावी तसं वळलं. जुनी चादर लांबीनं गुंडाळत पाठीपर्यंत आणली, तिच्या मागून नवी अर्धी पसरली. ओठ हलत होते. पायऱ्या विसरू नयेत म्हणून तिनं वर्षाच्या सुरुवातीला स्वतःशीच रचलेलं, ते तिच्या नकळत ओठांवर आलं होतं.

"काय म्हणताय?" कुशीवरून आवाज आला.

थोरली ओशाळली. काही नाही, पायऱ्यांचं आहे, म्हणाली.

"मोठ्यानं म्हणा."

तेव्हा तिनं हात न थांबवता म्हटलं:

कुशीवर वळ बाई, पाठ तुझी माझ्या हाती,
जुनी निघे गुंडाळत, नवी तिच्या पाठोपाठी.
उंचवटा ओलांडून ये गं सावकाश बाई,
ताणलेल्या कापडाला सुरकुती मुळी नाही.

अधिकारी बाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, आणि भिंतीशी मुली उभ्या होत्या. अधिकारी बाईंना समोर मुलींचे ओठ दिसत होते. टकळीचे ओठ हलत होते. तिच्या शेजारणीचे हलत होते. रक्ततपासणीच्या मुली, व्यायामाच्या मुली, ज्यांचं चादरीशी पुढे फारसं नातंही नसणार, त्यांचेही. आवाज न करता, थोरलीच्या बरोबरीनं, शब्दाला शब्द. आणि नुसते ओठ नव्हे. 'ओलांडून'ला एकोणीस जणींचे उजवे हात मांडीशी आपोआप सरकत होते. असं काही एका रात्रीत घोकून येत नाही. ते रोज आठला येतं, दमून, चुकून, पुन्हा करून येतं.

थोरलीला यातलं काही दिसलं नाही. ती पलीकडच्या बाजूला गेली होती. तिनं अधिकारी बाईंना गुंडाळलेल्या चादरींच्या उंचवट्यावरून अलगद इकडं घेतलं, जुनी चादर स्वतःच्या एप्रनला न लावता, न झटकता काढून पिशवीत सोडली. नवी ताणली. कोपरा दुमडला. उशीचा अभ्रा बदलून डोकं टेकवलं, लहान उशी उजव्या गुडघ्याखाली सरकवली. चार मिनिटं झाली असतील नसतील.

"झालं, मॅडम."

अधिकारी बाई उठल्या नाहीत. छताकडं पाहत पडून राहिल्या.

"पाच मिनिटं राहू द्या," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "गुडघ्याखालची ती उशीसुद्धा."

पडद्यापलीकडं कारकुनानं घड्याळ पाहिलं.

पाच मिनिटांनी त्या बसत्या झाल्या, चप्पल घातली आणि पुन्हा अधिकारी झाल्या. तीच मोत्यांची वही त्यांनी मागवली, डोळे मिटून पानावर बोट ठेवलं, आणि बोटाखाली ज्या मुलीचं जे काम आलं, ते तिथल्या तिथं करून दाखवायला लावलं. एक, दोन, सात, अकरा जणी. रक्ततपासणीच्या मुलीनं काचपट्टीवर थेंब असा पसरला, की अधिकारी बाईंनी पट्टी उजेडात धरून पाहिली. टकळीच्या वाट्याला कोपराचं बँडेज आलं. पाहुण्यांचा नव्या कातडीचा हात वाकेना, म्हणून तिनं कारकुनालाच धरलं. बांधताना ती त्याला दर वेढ्याला सांगत होती की आता काय होईल, घट्ट वाटतं का, बोटं हलतात का, मुंग्या येतात का. कारकून काही बोलत नव्हता, पण ती विचारील तेव्हा बोटं हलवून दाखवत होता. या गडबडीत एकीच्या हातून सिरिंज पडली, आणि कुणी न सांगता तिनं ती बाजूला टाकून नवी घेतली. अधिकारी बाईंनी ते पाहिलं आणि मिटलेले ओठ पहिल्यांदा सैल झाले.

शेरा लिहिला गेला तो बांधलेल्या हातानंच, कारण कारकुनाला बँडेज सोडायचं सुचलं नाही. अधिकारी बाईंची रीत अशी, की शेरा वाचून दाखवायचा आणि मगच संस्थेची सही घ्यायची. त्यांनी वाचलं:

"नोंदवही विश्वासार्ह नाही. प्रशिक्षण प्रत्यक्ष झालेले आहे, ते स्वतः तपासले. दुसऱ्या वर्षाचा निधी द्यावा. अट: यापुढे नोंद कामाच्या वेळी, करणारीनेच करावी. चुका लिहाव्यात. वही उतरवून काढू नये व कोणत्याही कारणाने स्वच्छ करू नये."

मुलींना ओरडायचं होतं, पण ट्यूटर बाई अजून पेन हातात धरून उभ्या होत्या. तीस वर्षांत त्यांच्या कुठल्या वहीला कुणी बोट लावलं नव्हतं. 'विश्वासार्ह नाही' या दोन शब्दांवर त्यांची नजर अडकून पडली होती. थोरलीला वाटलं, आपण जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, आणि हेही कळत होतं की ठेवू नये. मग ट्यूटर बाईंनी श्वास घेतला आणि सही केली. सही नेहमीसारखी वळणदार नव्हती, जरा वाकडी आली. त्यांनी ती पाहिली आणि तशीच ठेवली.

अधिकारी बाई निघाल्या. दारात थांबून व्यायामाच्या मुलींपैकी एकीला त्यांनी हळूच काहीतरी विचारलं, गुडघ्याकडं बोट दाखवून. तिनं त्यांना भिंतीला धरून पाय कसा सरळ करायचा ते दाखवलं, दिवसातून तीनदा, न विसरता. कारकून बँडेज बांधलेल्या हातानं फायलींची पिशवी घेऊन गेला. टकळीचं म्हणणं, ते त्याला आवडलं होतं.

मग काय, शाळेत आनंदाला उधाण आलं. आठांपैकी सहा पलंगांवर मुली धपाधप बसल्या, आणि ट्यूटर बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. चहा आला. मुलींनी थोरलीला मध्ये बसवलं, आणि कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी तिच्याच कपातला चहा प्यायलं. ती हसत होती, पण एक बोच होती आत. ती उठून ट्यूटर बाईंकडं गेली. माफी मागायची होती. शब्द जुळवत होती, तोच त्या म्हणाल्या:

"तुझं अक्षर फार सुंदर आहे. यापुढे लिहू नकोस."

आणि हसल्या. ट्यूटर बाईंना हसताना वर्गानं पाहिलं नव्हतं. टकळीला तर ठसका लागला.

दोन वाजता तास होता, आणि तपासणी झाली म्हणून दोनाचा तास टळत नसतो. सुरकुतलेल्या चादरींवर दोघी-दोघी समोरासमोर बसल्या. विषय नाडी. ट्यूटर बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि नाडी अंगठ्यानं नव्हे, मधल्या दोन बोटांनी, दाबायचं नाही, नुसतं ऐकायचं बोटांनी, असं सांगितलं. कोरी वही टकळीच्या पुढ्यात सरकवली. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं.

थोरलीनं टकळीचं मनगट हातात घेतलं. कोवळं, चहाच्या कपानं ऊबदार झालेलं. थोडं चाचपडल्यावर बोटांखाली ती सापडली, अंधारात कुणी हळूच दार ठोठावावं तशी. खोली शांत झाली. बाहेर कुणीतरी गाडा ढकलत गेलं. सतरा, अठरा, एकोणीस.

"हे नीट शिकून घ्या," पलंगांमधून फिरता फिरता ट्यूटर बाई म्हणाल्या, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. "पुढच्या वर्षी वॉर्डात रोज चाळीस नाड्या बघायच्या आहेत."

पुढच्या वर्षी. थोरलीची मोजणी चुकली.

"किती आली?" टकळीनं पेन उचलून विचारलं.

"लिही, चुकली म्हणून," थोरली म्हणाली. तिनं बोटं जरा सैल केली, मनगटावर पुन्हा ठेवली आणि एकपासून मोजू लागली.